१५ वर्षं जुनी बोलेरो पिकअप भरलेली असताना आंबा घाटात तापते, इंजिन उघडू का आधी दुसरं काही बघू?

साखरपा_लोडिंग

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय पण सगळं एकदाच सांगतो म्हणजे परत परत विचारायला नको. गाडी २०१० ची बोलेरो पिकअप, २५२३ सीसी डीआय, साधा पंप, सेन्सर-बिन्सर काही नाही. बाबांनी नवी घेतलेली, आता मी चालवतो. मार्च ते मे हापूसच्या पेट्या कोल्हापूर मार्केटला, एरवी चिरा (बांधकामाचा जांभा दगड), खत, सिमेंट, गणपतीत चाकरमान्यांचं सामान, मिळेल ते भाडं. मध्ये काही काळ मासळीचं भाडं पण केलं.

प्रॉब्लेम असा की साखरप्याहून भरून आंबा घाटाला लागलो की निम्म्या घाटात काटा वर सरकायला लागतो. पूर्वी जिथे थर्डला जायची तिथे आता सेकंड टाकावा लागतो आणि चढाला काळा धूर मारते. वर आंबा गावात थोडा वेळ उभी केली की काटा खाली येतो. रिकामी असली की काहीच त्रास नाही. बाटलीतलं पाणी हळूहळू कमी होतं पण खाली कुठे टपकताना दिसत नाही. आणि एक गोष्ट मला कळतच नाही, रात्री काटा दिवसापेक्षा जास्त चढतो, खरं तर रात्री हवा गार असते ना.

एक मिस्त्री म्हणतो हेड (सिलेंडरवरचं झाकण) गेलं, उतरवून हाफ इंजिन करून टाकू, ६५ हजार. दुसरा म्हणतो पंपात डिझेल वाढवून देतो मग बघ कशी ओढते. तिसरा म्हणतो थर्मोस्टॅट काढून फेक. काका म्हणतात १५ वर्षं झाली, आता सरकार भंगारातच घालायला लावणार, आत्ताच विक. मला गाडी ठेवायचीय. नव्याचा हप्ता आंब्याच्या भरवशावर घ्यायची हिंमत नाही, आणि ही गाडी मला आतून-बाहेरून माहितीये.

अजून दोन गोष्टी, हेडलाईट फार मंद आहे, १०० वॅटचे बल्ब टाकू का? आणि मागचे पाटे (सस्पेन्शनच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) बसलेत, दोन पाटे वाढवून घ्यावे म्हणतोय, चिरा भरला की मागून पार टेकते. जाणकारांनी सांगा.

गॅरेज_कराड

भाऊ, ६५ हजार अजून कुणाच्या हातात देऊ नका. हेड गेलं हे कुणी तपासून सांगितलं की गाडी तापते ऐकून सांगितलं? कारण हेड गेलंय का नाही हे बघायला हेड खोलावं लागत नाही, घरच्या अंगणात कळतं.

सकाळी गाडी पूर्ण थंड असताना रेडिएटरचं झाकण काढा (गरम असताना चुकूनही नको, भाजलेली माणसं बघितलीत मी), पाणी गळ्यापर्यंत भरा, स्टार्ट करा, कुणाला तरी हळूहळू रेस द्यायला सांगा आणि तुम्ही गळ्यात बघत रहा. सुरुवातीला अडकलेली हवा निघते तेव्हा थोडे बुडबुडे येतात, त्याचं काही नाही. पण सोड्याची बाटली उघडल्यासारखे सतत येत राहिले आणि रेस दिली की वाढले तर मग सिलेंडरचा गॅस पाण्यात येतोय, तेव्हा हेड गॅस्केटचा विचार करायचा. दुसऱ्या दिवशी अजून एक, रात्रभर उभी असलेली गाडी झाकण लावूनच स्टार्ट करा आणि मिनिटाभरात वरचा जाड होज पाईप हाताने दाबा. पाणी अजून कोमटही झालेलं नाही आणि पाईप टणक लागतोय म्हणजे तोच प्रकार. डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ दिसतंय का तेही बघा. ह्या तिन्हीत काही नाही सापडलं तर हेड हात न लावता तसंच राहू द्या. आणि हाफ इंजिन म्हणजे रिंगा-बेअरिंग, त्याचा तापण्याशी थेट संबंध कमी. ऑइल खाते का? निळा धूर येतो का? आयडलला ऑइल भरायचं झाकण काढलं की जोरात फुफाटा येतो का? तुम्ही ह्यातलं काहीच लिहिलेलं नाही. तरी शंका असेल तर चारही सिलेंडरचं कॉम्प्रेशन मोजून घ्या, आकड्यापेक्षा चारांत फरक किती ते महत्त्वाचं.

आता तुमची लक्षणं बघू. भरलेली, चढ, कमी स्पीड, इंजिनवर पूर्ण जोर, आणि रिकामी असताना काही नाही. हे शंभरातल्या बहुतेक गाड्यांत रेडिएटर आणि फॅनचं असतं. तुम्ही चिरेखाणीवर जाता, ती लाल माती रेडिएटरच्या जाळीत आत जाऊन बसते आणि समोरून बघितलं तर जाळी स्वच्छ दिसते. इंजिनच्या बाजूने बाहेर असं पाणी मारायचं, समोरून मारलं तर माती अजून आत जाते, आणि प्रेशर बेताचं ठेवायचं नाहीतर पात्या वाकतात. आतून क्षार बसलेत का हे बघायला दोन्ही होज काढून वरून पाईपने पाणी सोडा, खालून त्याच जोरात पडलं पाहिजे, वरून तुंबून ओसंडायला लागलं तर रेडिएटर चोकअप. कुणा एसीवाल्याकडे लेझरचं टेंपरेचर गन असतं ते आणा, गाडी गरम करून रेडिएटरवर आडवं-उभं फिरवा, जिथे एकदम थंड पट्टा सापडेल तिथल्या नळ्या बंद आहेत. पितळी रेडिएटर असेल तर टाकी खोलून रॉड मारून मिळतो, ॲल्युमिनियम-प्लास्टिकचा असेल तर बदललेला परवडतो. आजवर पाणी कुठलं भरत आलात, विहिरीचं की बोअरचं? कूलंट टाका आणि त्यात डिस्टिल्ड वॉटरच घाला.

फॅन साधा असेल तर बेल्ट सैल आहे का बघा. व्हिस्कस कपलिंगचा असेल तर गरम गाडी बंद करून फॅन हाताने फिरवा, जड फिरला पाहिजे, मोकळा गरगर फिरला तर कपलिंग गेलं. आणि फॅनभोवतीचं प्लास्टिकचं कव्हर जाग्यावर आहे का? बऱ्याच जुन्या पिकअपला ते तुटल्यावर काढून टाकलेलं असतं आणि मग फॅन आजूबाजूची हवा ओढतो, रेडिएटरमधून नाही. हायवेला फरक कळत नाही कारण समोरून वारा मिळतो, घाटात सेकंडला रांगताना सगळा भार फॅनवर येतो.

पाणी कमी होतंय त्याचं सोपं कारण झाकण असू शकतं. झाकणाचं काम नुसतं बंद करणं नाही, ०.९ बारचं झाकण नीट धरत असेल तर पाणी ११८-१२० डिग्रीपर्यंत उकळत नाही, स्प्रिंग-रबर गेलं की शंभरलाच उकळून वाफ निघून जाते आणि खाली टपकलेलं काही दिसत नाही. दुसरं, वॉटर बॉडीच्या (पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या) खालच्या बारीक भोकापाशी पांढरे-हिरवे डाग आहेत का बघा, चालू असताना तिथून गळतं आणि गरम इंजिनावर वाळून जातं.

थर्मोस्टॅट काढायचा नाही. अडकलेला वाटत असेल तर काढून गरम पाण्याच्या भांड्यात टाकून बघा, पाणी उकळायच्या बरंच आधी उघडायला लागतो, नाही उघडला तर नवीन टाका, काही शेकड्यांची वस्तू आहे. काढून टाकला तर इंजिन सारखं थंडच चालतं, डिझेल जास्त, रिंगा लवकर झिजतात, आणि ज्या इंजिनात बायपास आहे तिथे उलट निम्मं पाणी रेडिएटरला न जाताच फिरत राहतं.

पंपाचं सील तोडून डिझेल वाढवणाऱ्याला लांबूनच नमस्कार करा. तुमची गाडी आधीच काळा धूर मारतेय म्हणजे जेवढं डिझेल जातंय तेवढंच नीट जळत नाहीये, हवा कमी पडतेय नाहीतर नोझल नीट फवारत नाही. एअर फिल्टर बघा, नोझल काढून टेस्टिंगला द्या. त्यात अजून डिझेल ओतलं तर धूर आणि उष्णता दोन्ही वाढणार, मग खरंच हेड जाईल.

वायरमन_सांगली

कराडच्या दादांनी इंजिनचं सगळं सांगितलंच आहे, मी फक्त रात्रीच्या काट्याबद्दल लिहितो कारण ती तुमच्या पोस्टमधली सगळ्यात कामाची ओळ आहे. रात्री काटा जास्त चढतो म्हणजे लाईट लावल्यावर चढतो. उभ्या गाडीत करून बघा, इंजिन गरम आहे, काटा स्थिर आहे, आता हेडलाईट लावा, मग ब्लोअर, मग ब्रेक दाबून धरा. प्रत्येक वेळी काटा थोडा थोडा वर उचलला तर ते पाणी तापत नाहीये, डॅशबोर्डचं अर्थिंग (बॉडीला जाणारी मायनस वायर) खराब आहे. लाईटचा करंट परत जायला नीट रस्ता मिळत नाही म्हणून मीटर खोटं दाखवतो. डिझेलचा काटा पण लाईट लावल्यावर हलतो का ते बघा, हलत असेल तर पक्कं.

कोकणातल्या गाडीत हे फार बघितलंय. मीटरच्या मागची काळी वायर बॉडीला जिथे स्क्रूने लावलीय तिथे हिरवा बुरा चढलेला असतो. काढून पॉलिश पेपर मारा, नवीन थिंबल, वरून ग्रीस. बॅटरीचा मायनस ते चासी आणि चासी ते इंजिन ही जाड पट्टी तर बदलूनच टाका, आतून सडलेली असते आणि वरून रबर चांगलं दिसतं. सेल्फ सकाळी जड फिरत असेल तर तोही सुधारेल.

हेडलाईटचंही दुखणं तेच आहे. १०० वॅटचे बल्ब नका टाकू, रस्त्यावर ते कायदेशीर नाहीत आणि होल्डर वितळतो, जुन्या वायरिंगला आग लागायची भीती वेगळी. कंपनीचा एच-फोर बल्ब ६०/५५ वॅटचाच असतो आणि तो पुरतो, त्याच्यापर्यंत व्होल्टेज पोचलं पाहिजे. मल्टिमीटर घ्या, गाडी चालू ठेवून बॅटरीवर मोजा, साडेतेरा-चौदा मिळेल. मग बल्बच्या मागे पिनवर मोजा. तिथे साडेअकरा मिळालं तर नुसत्या त्या दोन व्होल्टमुळे उजेड चाळीस टक्क्यांच्या आसपास कमी पडतो. कारण जुन्या वायरिंगमध्ये हेडलाईटचा सगळा करंट स्टिअरिंगखालच्या स्विचमधून फिरून येतो. दोन रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच), फ्यूज, बॅटरीपासून डायरेक्ट जाड वायर, स्विचने फक्त रिले चालवायचा. रिफ्लेक्टरचा मुलामा उडाला असेल तर लाईटच नवीन घ्या, त्यात कुठलाही बल्ब टाकून उपयोग नाही. धुक्यात आंबा घाट उतरायचा आहे तुम्हाला, हे काम पहिलं करा.

देवगडकर_७८

माझी पण आंब्याची गाडी, फोंडा घाटाने निपाणीकडे जाते. तुम्ही एक गोष्ट तपासा जी कुणी सांगत नाही, ब्रेक धरून राहतात का. आपल्याकडच्या दमट हवेत मागचे व्हील सिलेंडर आत गंजून अडकतात आणि हँडब्रेकची केबल नळीतच जाम होते. ब्रेक सोडला तरी लायनर ड्रमला घासत राहतो आणि इंजिन पूर्ण चढ तो ब्रेक ओढत चढतं, मग तापणार आणि सेकंड मागणारच. दहा-बारा किलोमीटर सपाट रस्त्याला चालवा, ब्रेक कमीत कमी वापरा, थांबल्यावर चारही चाकांजवळ हात न्या (ड्रमला चिकटवू नका), एखादं बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेलं असेल तर तेच. जॅकवर उचलून हाताने फिरवलं तरी कळतं.

आणि ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला, ते हवेतलं पाणी ओढून घेतं आणि कोकणात तर जास्तच. पाणी झालेलं ऑइल उतरताना ड्रम तापले की उकळतं आणि पॅडल खाली बसतं.

चिरेवाला_लांजा

बाकी सगळं बरोबर आहे पण पाट्यांचं माझं मत वेगळं. आमच्याकडे खाणीवरच्या सगळ्या पिकअपना जादा पाटे आहेत, त्याशिवाय धंदा होतच नाही, ओरिजिनल पाट्यावर चिरा भरून दाखवा. दोन पाटे वाढवून घ्या आणि टायर जरा जास्त प्लायचे टाका, काही होत नाही. आमची एक गाडी अशीच वर्षानुवर्षं चालतेय.

गॅरेज_कराड

लांजाचे दादा, तुमच्या धंद्याची अडचण समजते, भाडं पेटीवर आणि नगावर मिळतं, कमी भरलं तर परवडत नाही. पण हिशोब बघा. एक चिरा तीस किलोच्या आसपास, जांभा सच्छिद्र असल्यामुळे पावसात भिजला की अजून जड. पन्नास चिरे म्हणजे दीड टन. त्या काळच्या पिकअपच्या आरसीवर वजन काढून बघा किती पासिंग आहे, म्हणजे किती माल भरायला परवानगी आहे. पाटे वाढवल्याने गाडी टेकत नाही एवढंच, पण पाटे वाढले म्हणजे एक्सल, हब बेअरिंग, ब्रेक आणि चासी वाढली नाही. उलट आधी पाटा लवून जो धक्का खात होता तो आता थेट चासीच्या हँगरवर (पाटा जिथे चासीला टांगलेला असतो तिथे) जातो. माझ्याकडे पिकअप येतात त्यांच्या चासीला चीर पडलेली असते ती बहुतेक वेळा मागच्या पाट्याच्या पुढच्या हँगरजवळ, आणि पाटे वाढवलेल्या गाड्यांतच जास्त. दुसरं म्हणजे मागे लोड बघून ब्रेकचं प्रेशर कमी-जास्त करणारा व्हॉल्व ज्या गाड्यांना असतो, तो मागची बॉडी किती खाली आली यावरून वजन ओळखतो. पाटे कडक केले की बॉडी खाली येत नाही, व्हॉल्वला वाटतं गाडी रिकामी आहे आणि भरलेल्या गाडीत मागचे ब्रेक कमी लागतात. आंबा घाट उतरताना हे नको.

साखरप्याचे भाऊ, तुम्ही जुनेच पाटे उतरवून बघा. तुटलेला पाटा असेल तर तोच बदला, बाकीच्यांना कमान मारून मिळते पण ती फार टिकत नाही, ओरिजिनल नगाचा नवीन सेट बसवला तर उत्तम. शॅकल बुश, सेंटर बोल्ट आणि यू-बोल्ट नवीन, आणि भाडं मारून आल्यावर यू-बोल्ट परत एकदा आवळून घ्या, नवीन बसवलेले सैल होतात.

मलकापूर_ट्रान्सपोर्ट

कागदाचं मी सांगतो कारण काकांसारखं बरेच जण घाबरून चांगल्या गाड्या मातीमोल विकतायत. १५ वर्षं झाली की भंगार हा नियम १ एप्रिल २०२३ पासून सरकारी मालकीच्या गाड्यांना लागू झाला, खासगी मालकाच्या नाही. १० वर्षांची डिझेलची बंदी ऐकलेली असते ती दिल्ली-एनसीआरची. आपल्याकडे मालवाहू गाडीला फिटनेस महत्त्वाचं, आठ वर्षांपर्यंत दोन-दोन वर्षांचं मिळतं आणि त्यानंतर दरवर्षी पासिंग. फिटनेस नसेल तर मालवाहू गाडीचं रजिस्ट्रेशनच वैध धरत नाहीत आणि इन्शुरन्सच्या क्लेमला अडचण येते. आठ वर्षांनंतर पर्यावरण कर लागतो तो भरलेला आहे का बघा. १५ वर्षांपुढे फिटनेसची फी वाढते, आकडा आरटीओतून नाहीतर परिवहनच्या साईटवरून ताजा घ्या कारण तो बदलत असतो. २०१९ च्या आधीची गाडी म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरप्लेट पण लागणार. मागे-पुढे आणि बाजूच्या रेडियम पट्ट्या नवीन लावून मगच पासिंगला जा, त्यावरून गाड्या परत पाठवतात.

पाट्यांबद्दल एवढंच की मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरची मूळ माहिती बदलेल असा बदल करता येत नाही, हौदा लांब-उंच करणं, दुसरं इंजिन टाकणं ह्याला परवानगी आणि नोंद लागते. आणि जादा वजन सापडलं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात २० हजार दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला २ हजार आहे. एका दंडात तुमचं रेडिएटर, ब्रेक, वायरिंग सगळं होऊन वर पैसे उरतील.

साखरपा_लोडिंग

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कुणी तोंडावर पण सांगितलं नव्हतं. जे जे सांगितलं ते केलं, आता काय निघालं ते लिहितो म्हणजे दुसऱ्या कुणाला उपयोग होईल.

गळ्यात बुडबुडे नाहीत, सुरुवातीचे थोडे आले आणि बंद झाले. थंड गाडीत होज मऊ. ऑइल काळं आहे पण दुधाळ नाही. म्हणजे हेड ठीक. मित्राचं टेंपरेचर गन आणून रेडिएटरवर फिरवलं तर खालचा एक तृतीयांश भाग वरच्यापेक्षा बराच थंड. काढून बघितला तर जाळीत लाल माती अशी घट्ट बसलेली की पलीकडचा उजेड दिसत नव्हता, आणि आतून पांढरे क्षार, आमच्याकडे इतकी वर्षं विहिरीचंच पाणी जात होतं. पितळी निघाला, रत्नागिरीत रॉड मारून आणला. फॅनचं कव्हर खालून अर्धं तुटलेलं, ते नवीन बसवलं. झाकण नवीन, कूलंट नवीन. थर्मोस्टॅट गरम पाण्यात टाकून बघितला, उघडतो, तोच ठेवला.

देवगडच्या दादांचं पण बरोबर निघालं. मागचं डावं चाक हाताने फिरतच नव्हतं. व्हील सिलेंडरचा एक पिस्टन पूर्ण जाम, दुसऱ्या बाजूने गळती आणि लायनर ऑइलने भिजलेला. दोन्ही बाजूचे सिलेंडर, लायनर, हँडब्रेक केबल नवीन, ऑइल पूर्ण बदललं. नोझल टेस्टिंगला दिले, चारातले दोन नुसते थेंब टाकत होते, धूर आता फक्त गिअर बदलताना थोडासा येतो.

मीटरचं अर्थिंग तर वायरमन दादांनी सांगितलं तसंच, लाईट लावला की दोन्ही काटे उचलायचे. वायर बदलल्यावर हलायचे बंद झाले. रिले पण बसवले, तेच जुने ६०/५५ चे बल्ब आहेत आणि उजेडात मोठा फरक पडलाय.

सगळं मिळून साडेअकरा हजार गेले. हेडला हात लावला नाही. परवा पेट्या भरून गेलो, पासिंगएवढंच वजन, आंबा घाटात काटा मधल्या रेषेच्या जरा वर जाऊन थांबला आणि तिथेच राहिला, थर्ड जिथे लागायचा तिथे परत लागला. बाबा शेजारी बसले होते, त्यांनी वर गेल्यावर स्वतः बाटली उघडून पातळी बघितली तेव्हा त्यांना पटलं.

आता नवीन चिंता. पाटे उतरवले तेव्हा डाव्या बाजूला पुढच्या हँगरच्या मागे चासीला चीर दिसली, करंगळीएवढी लांब, खालच्या काठापासून वर गेलीय. आजूबाजूला गंजाचे पापुद्रे निघतात, मासळीच्या बर्फाचं खारट पाणी हौद्यातून तिथेच पडायचं. टाका मारून चालेल का? की चासी गेली?

देवगडकर_७८

पापुद्रे काढून हातोडीने ठोकून बघा आधी. खणखणीत आवाज आला तर पत्रा शिल्लक आहे, बद आवाज आला किंवा हातोडी आत गेली तर तेवढा भाग कापून नवीन घालावा लागेल. वेल्डिंग झाल्यावर पावसाळ्याच्या आत जळकं ऑइल मारून घ्या खालून, आमच्याकडे सगळे तेच करतात.

गॅरेज_कराड

करंगळीएवढ्या चिरेने चासी गेली असं नाही, पण नुसता वरून टाका मारला तर ती चीर टाक्याच्या पुढून परत चालायला लागते. चिरेचं टोक नीट शोधा, वायर ब्रशने घासून रॉकेल लावा, पुसा, मग खडू फिरवा, रॉकेल जिथवर बाहेर येऊन खडू ओला करेल तिथवर चीर आहे. त्या टोकाला ड्रिलने छोटं भोक पाडायचं म्हणजे ती तिथे थांबते. मग चीर व्ही आकारात खणून पूर्ण आतपर्यंत वेल्डिंग, घासून सपाट, आणि वरून तेवढ्याच जाडीची पट्टी. पट्टी चौकोनी नको, दोन्ही टोकांना निमुळती पाहिजे, चौकोनी पट्टीच्या सरळ काठावर सगळा ताण एका रेषेत येतो आणि काही महिन्यांनी तिथून तुटते. वेल्डिंगच्या आधी बॅटरीच्या दोन्ही वायर आणि अल्टरनेटरची वायर काढून ठेवा, ब्रेकचा पाईप आणि डिझेलचा पाईप जवळून जात असेल तर बाजूला घ्या. काम करणारा चासीचं काम केलेला असू दे, गेट-ग्रील करणाऱ्याकडे नेऊ नका.

जळक्या ऑइलबद्दल देवगडच्या दादांशी माझं पटत नाही. ते पाट्याचे बुश आणि ब्रेकच्या रबरावर बसलं की रबर फुगून मऊ पडतं, लायनरला लागलं तर ब्रेकच गेले, आणि पहिल्या जोरदार पावसात निम्मं धुऊन तुमच्याच विहिरीच्या दिशेने जाणार. गंजावर जाड डांबरी कोटिंग मारणं त्याहून वाईट, आत पाणी कोंडून बाहेरून काळं-छान दिसत राहतं. आधी गंज पूर्ण घासा, मग रस्ट कन्व्हर्टर, प्रायमर, आणि बंद पोकळ्यांत मेणाचा स्प्रे. चासीच्या खालच्या काठाला पाणी निघून जायची भोकं असतात ती चिखलाने बुजलेली असतात, वायर घालून मोकळी करा, अर्धा गंज तिथेच थांबतो. मासळीचं भाडं परत घेतलंत तर हौद्यात ताडपत्री नाही, पूर्ण कडा असलेला ट्रे घाला आणि त्याचं पाणी पाईपने चासीच्या बाहेर पडू दे. घरी आलात की त्याच दिवशी गोड्या पाण्याने खालून धुवा.

उजव्या बाजूचा हँगर पण त्याच जागी घासून बघा, डावीकडे चीर आहे तर उजवीकडे सुरुवात झालेली असू शकते. दोन्ही बाजूंचे फोटो टाका, हँगरच्या आतल्या बाजूचे पण, वेल्डिंगला नेण्याच्या आधी.